ब्लाउजच्या मापाने ब्रा घेऊ नका

"ब्लाउज छत्तीसचा शिवते, म्हणजे ब्राही छत्तीसचीच." रत्नागिरीच्या बाजारपेठेत काय किंवा कुडाळ-सावंतवाडीत काय, काउंटरवर माप सांगितलं जातं ते बहुतेक असंच. शिंपी ब्लाउजसाठी छातीचा सगळ्यात भरलेला घेर धरतो. ब्रावरचा ३२, ३४, ३६ हा आकडा मात्र स्तनांच्या खाली, बरगड्यांवर बसणाऱ्या पट्ट्याचा असतो. या दोन मापांत सहज तीन-चार इंचांचा फरक पडतो, आणि तेवढा पट्टा सैल राहतो.

सैल पट्ट्याने बिघडतं काय, ते नीट बघा. स्तनांचं वजन पेलायचं काम मुख्यतः पट्ट्याचं. कळशी कडेवर घेतली की वजन कमरेच्या हाडावर बसतं, तसं ते बरगड्यांवर बसायला हवं. खांद्यावरच्या स्ट्रॅपनी फक्त कप जागेवर धरायचे. पट्टा सैल असला की पुढून वजन खाली ओढतं आणि मागून पट्टा पाठीवर वर चढतो. मग आपण स्ट्रॅप आवळतो, तसा तो आणखी वर चढतो. शेवटी सगळा भार मानेपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या स्नायूवर येतो. तो स्नायू दिवसभर आखडून राहतो, खांदे पुढे येतात, पाठीत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये दुखू लागतं. खांद्यावर पडलेली खाच संध्याकाळी ब्रा काढल्यावरही बराच वेळ जात नसेल, तर भार चुकीच्या जागी आहे एवढं नक्की समजा.

माप घरीच घ्या. शिवणाची टेप स्तनांच्या अगदी खालून फिरवा, श्वास पूर्ण सोडा आणि टेप अंगाला घट्ट लावून आकडा बघा. मागे टेप वर चढलेली नको. जाऊबाईला किंवा मुलीला धरायला सांगा. हा झाला पट्टा. विषम आकडा आला तर आधीचा आणि पुढचा, दोन्ही घालून बघा. मग पॅड नसलेली ब्रा घालून, टेप न आवळता, छातीचा भरलेला घेर घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे कप: १ इंच ए, २ इंच बी, ३ इंच सी, ४ इंच डी.

समजा खालचं माप ३२ आणि वरचं ३६ आलं. फरक ४, म्हणजे ३२ डी. "डी" ऐकून दचकू नका. कपचं अक्षर एकटं काही सांगत नाही, ते पट्ट्याबरोबरच वाचायचं असतं. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिन्हींच्या कपात साधारण तेवढंच मावतं. म्हणूनच ही बाई ३६ बी घेते तेव्हा कप बरोबर बसतो, "होते की मला" असं वाटतं, आणि पट्टा चार इंच सैल आहे हे लक्षातच येत नाही.

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढे सैल होणारच, आतले हूक तेव्हासाठी असतात. घालताना थोडं पुढे वाका, हूक लावा आणि काखेकडचा भाग हाताने कपात आणा; हे केलं नाही तर बरोबर मापही छोटं वाटतं. मग बाजूने आरशात बघा. पट्टा पुढे-मागे एका रेषेत हवा आणि त्याखाली दोनच बोटं जायला हवीत. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. वरून मांस बाहेर येत असेल तर कप लहान, कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा. वायर असेल तर ती बरगडीवर बसावी, स्तनावर टोचू नये. आता दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून उतरवा. पट्टा जागेवर राहिला तर माप जमलं. खाली घसरला तर एक नंबर कमी पट्टा आणि एक अक्षर मोठा कप घ्या.

आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत घालून बघायची सोय नसते. बदलून मिळेल का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि लेबल काढू नका. आठवडी बाजारात तेही शक्य नसतं, म्हणून पर्समध्ये टेप ठेवा. पट्टा जरासा ताणून मोजा, तो तुमच्या बरगड्यांच्या मापाएवढा भरला पाहिजे.

भातलावणीत तासन्‌तास वाकायचं असतं, त्या वेळी सगळा भार पुढे लोंबतो. डोक्यावर मासळीची पाटी किंवा गवताचा भारा घेणाऱ्या बाईची मान आधीच ताणलेली असते. अशा कामाला बिनवायरची, पूर्ण कपाची, रुंद स्ट्रॅपची आणि मागे तीन हुकांची ब्रा घ्या. पाठीवर एकत्र येणारे स्ट्रॅप मानेच्या मुळाशी ओढतात, मान दुखत असेल तर ते टाळा.

घामाचंही बघायला हवं. दमट हवेत स्तनांखाली कातडी कातडीला घासते, लाल होते, बुरशी धरते. मऊ सुती कापड, घाम आला की पुसून कोरडं करणं आणि रोज धुतलेली ब्रा, एवढं पाळाच. चट्टा पसरू लागला तर मेडिकलमधून कुठलीही ट्यूब आणून चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. पावसात ब्रा चुलीजवळ वाळवली की इलॅस्टिक मरतं. पंख्याखाली, मधोमध दुमडून दोरीवर टाका. ओलसर घालू नये, म्हणून निदान तीन हव्यात. सगळ्यात आतल्या हुकावरही पट्टा वर चढू लागला, की ती ब्रा संपली.

गरोदरपणात आणि दूध पाजताना माप बदलत राहतं, तेव्हा जुन्या आकड्यावर विसंबू नका. माप बरोबर होऊनही दोन-तीन आठवड्यांत दुखणं उतरलं नाही, हात वर जात नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर कारण ब्रा नाही असं धरून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि माप घेताना हाताला गाठ लागली, तर दुखत नसली तरी त्याच आठवड्यात दाखवा.