टूल तेच, वर्णन नवं

नागपूरच्या मिहानमध्ये आजचा अख्खा दिवस एकाच कामात: कळमना बाजारातली संत्र्याची आवक सांगणारं टूल (एजंट हाक मारतो ते फंक्शन) एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं करणाऱ्या एआय प्रोग्रामला, नीट वापरता यावं म्हणून त्याचं वर्णन पुन्हा लिहिणं. कोडची एक ओळही बदलली नाही.

आधी वर्णन होतं, ‘आवक आणते’. एवढंच! एजंट ३ एप्रिलसाठी ०३/०४ पाठवायचा, सर्व्हर ते ४ मार्च समजायचा आणि एरर न देता भलतेच आकडे परत करायचा. असली गुपचूप चूक सगळ्यात वाईट. आता पॅरामीटरपाशीच (टूलला द्यायच्या प्रत्येक माहितीपाशी) लिहिलंय: तारीख २०२५-०४-०३ अशी (अंक मात्र इंग्रजीच), वजन क्विंटलमध्ये, म्हणजे १०० किलोत, क्रेट नाही. बाजाराचं नाव एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीत) बांधलं, नाहीतर कळमना, कलमना, कळमणा असं काहीही येतं.

‘हे टूल कधी वापरू नये’ ही ओळ बहुतेक जण गाळतात. भावासाठी वेगळं टूल आहे, हे इथंच सांगावं लागतं.

एरर मेसेजही डॉक्युमेंटेशनच समजा. ‘इनव्हॅलिड इनपुट’ वाचून एजंट तोच कॉल पुन्हा पुन्हा मारतो. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या’ म्हटलं की बहुधा पुढच्याच फेरीत सुधारतो.

रिकामी यादी आली तर आवक शून्य की बाजार बंद? तेवढं लिहायचं राहिलंय. उद्या.