रॉकीचं वजन आणि तो थायरॉईडचा रिपोर्ट

आमचा रॉकी लॅब्रॅडॉर, नसबंदी झालेला, वजन 44 किलो. आता उतरलंय बरंच, कसं उतरवलं ते सांगतेच, पण आधी त्या रिपोर्टचं सांगू दे, कारण डोक्यातून जातच नाहीये.

झालं असं की गल्लीत सगळे कौतुक करायचे, "काय दांडगा केलाय बे कुत्रा", सासरे खूश व्हायचे. मला मात्र दिसत होतं की हा दांडगा नाही, जाडा झालाय. बरगड्यांवर हात फिरवला तर हाताला बरगडी लागेना, वरून बघितलं तर कंबर नाही, सरळ पिंप. डॉक्टर 1 ते 9 असा एक स्कोर देतात, 4-5 म्हणजे बरोबर, आमच्या साहेबांना 8 मिळाला. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापासून जवळच एक क्लिनिक आहे, नाव घेत नाही, तिथे डॉक्टर म्हणाले थायरॉईड असू शकतं, रक्त घेऊ, रिपोर्ट येईपर्यंत खाण्यात काही बदल करू नका.

रक्त घेतलं. इथे होत नाही, बाहेर पाठवावं लागतं म्हणे. ठीक आहे. "दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपला येईल मॅडम." आलं नाही. फोन केला तर कंपाउंडर म्हणतो उद्या. उद्याच्या उद्या परत उद्या. शेवटी मी स्वतः जाऊन काउंटरला उभी राहिले तेव्हा कळलं की सॅम्पल खराब झालं होतं, लॅबने घेतलंच नाही. एप्रिलमधलं सोलापूर, 42 च्या वर पारा, आणि ती ट्यूब बर्फाशिवाय पाठवली असणार हे मला कुणी सांगायला नको. पण हे तुम्ही मला फोन करून सांगणार होतात का? तर म्हणे, "आम्ही करणारच होतो." आणि दुसऱ्यांदा रक्त काढायचे पैसे पुन्हा आम्हीच भरायचे.

दुसऱ्यांदा रक्त दिलं, परत तीच वाट, आणि शेवटी रिपोर्ट आला तो एका ओळीचा. फक्त टी-फोर, म्हणजे थायरॉईड ग्रंथी बनवते ते हार्मोन. थोडा कमी. टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) कुठाय विचारलं तर फॉर्मवर त्याच्यापुढे टिकच केली नव्हती. टिक! एवढ्या मोठ्या फॉर्मवर एक चौकट राहिली. आणि काउंटरवरनं सल्ला काय, "कमी आलाय ना, गोळी चालू करून टाकू." मी गोळी घेतली नाही, रिपोर्ट उचलला आणि होटगी रोडच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

ह्या मॅडमनी आधी रिपोर्ट बघितलाच नाही. पहिला प्रश्न, "मागच्या महिन्यात खाजेचं इंजेक्शन दिलं होतं का?" दिलं होतं, त्याच क्लिनिकमध्ये, स्टिरॉईडचं. त्या म्हणाल्या, मग टी-फोर कमी येणारच. स्टिरॉईडने येतो, दुसरा कुठला आजार असला तरी येतो, म्हणून एकट्या टी-फोरवर थायरॉईड ठरवत नाहीत. आणि गरज नसताना गोळी चालू केली तर शरीर स्वतःचं हार्मोन कमी बनवायला लागतं, मग नंतर खरी तपासणी करायची म्हटली तर आकडे सगळे गोंधळतात. शिवाय स्टिरॉईडने भूक पण वाढते, म्हणजे हा मधल्या काळात किती खात होता विचारूच नका. काही आठवडे थांबून, इंजेक्शनचा असर गेल्यावर, टी-फोर आणि टीएसएच दोन्ही केलं, दोन्ही नॉर्मल.

मला राग कशाचा येतो, तर त्या "रिपोर्ट येईपर्यंत बदल करू नका" चा. कारण घरात सगळ्यांना आयतं निमित्त मिळालं. सासरे म्हणायचे, "रिपोर्ट येऊ दे की, मग बघू, बिचाऱ्याला आजार असला तर उपाशी मारलालीस तू." आणि कडक भाकरीचा तुकडा खाली. शेंगाचटणी लावलेला! चटणीत लसूण असतो, कुत्र्याला लसूण, कांदा, द्राक्षं काहीच चालत नाही, हे मी फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. तुमच्याकडे कुणी सांगितलं थांबा, तर थांबू नका, खाणं मोजायला कुठलाच रिपोर्ट लागत नाही.

मोजायचं म्हणजे वाटीने नाही हं. वाटी प्रत्येकाची वेगळी भरते. किचनचा डिजिटल काटा घ्या, ग्रॅममध्ये. मॅडमनी हिशोब असा मांडला: आत्ताचं नाही, जे व्हायला पाहिजे ते वजन धरायचं, आमचं 32 किलो. त्यावरून दिवसाला 940 च्या आसपास कॅलरी निघाल्या (70 गुणिले वजनाचा पाऊण म्हणजे 0.75 घात, मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर होतं). हे सुरुवातीचं माप, पुढे काट्यावर बघून कमी-जास्त करायचं. आणि खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत, त्याच मापातून वजा करून. ग्लुकोज बिस्किटं 100 ग्रॅमला 450 कॅलरीच्या घरात जातात, सकाळच्या चहाबरोबर चार टाकली की खाऊचा सगळा कोटा तिथेच संपला. आम्ही आता काकडी आणि गाजर देतो, त्याला फरक पडत नाही, लॅब्रॅडॉरला काहीही आवडतं. ह्यालाही कारण आहे, 2016 मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जीनमध्ये बिघाड असतो. म्हणजे तो खोटं नाटक करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली असते. म्हणून मी रोजचं माप तीन वेळा विभागते, आणि त्यातलेच डॉग फूडचे थोडे दाणे अंगणात पसरते, शोधत बसतो.

चालायचं म्हटलं तर सोलापुरात उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आधीच. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला टिकवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. कंबर तलावाच्या बाजूला नेतो, सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच, जाड्या कुत्र्याच्या सांध्यांवर एकदम ताण नको, पळवायला तर अजिबात जायचं नाही. धाप लागली, जीभ लांब बाहेर आली की थांबायचं, पाणी बरोबर. आमच्याकडे चालणं नवऱ्याच्या गळ्यात घातलंय, त्याचंही पोट कमी होतंय, तो कबूल करत नाही.

घाई करायची नाही. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं की बस, आमच्या हिशोबात सुरुवातीला अर्धा किलो म्हणजे मस्त. आम्ही बाथरूमच्या काट्यावर त्याला उचलून घेतो आणि आपलं वजन वजा करतो, 44 किलोचा असताना हे काम नवऱ्याचंच होतं, आता 36 ला आलाय तर माझ्याकडूनही होतं. एकच काटा, एकच वेळ, सकाळी खाण्याआधी. मधे काही आठवडे काटा हललाच नाही, तेव्हा मॅडमनी माप अजून दहा टक्के कमी केलं. दिसतं सोपं, पण त्याच दिवसांत सासऱ्यांच्या खिशात पाव सापडला, तो भाग वेगळा.

हो, एक राहिलं: नुसतं नेहमीचं दाणं खूप कमी करू नका, प्रोटीन आणि व्हिटॅमिनही कमी पडतात, वजन कमी करायचं वेगळं खाणं मिळतं, महाग आहे पण चालवलं आम्ही. बरगड्या आता हाताला लागतात, सासरे म्हणतात कुत्रा वाळला. आणि त्या पहिल्या क्लिनिकमधून परवा मेसेज आला, "रॉकीचा थायरॉईड रिपोर्ट कलेक्ट करा". कुठला, हे विचारायला मी अजून फोन केलेला नाही.