आमची वाटचाल: स्पीकरच्या मागचं सामान

आम्ही स्पीकर विकत नाही. पाटीवर 'कार ऑडिओ' लिहिलंय, त्यामुळे हे रोज कुणाला तरी फोनवर सांगावं लागतं. आम्ही विकतो ते स्पीकर गाडीच्या दारात घट्ट धरून ठेवणारं सामान: स्पीकर आणि पत्र्याच्या मधे बसणाऱ्या रिंगा, पत्र्यात बसवायचे रिव्हेट नट, स्क्रू धरणाऱ्या यू-क्लिपा, फोम, कापडी टेप. कुर्ल्यात एक गाळा, त्यात रिंगा कापायचं एक राउटर मशीन, आणि पॅकिंगला आम्ही सगळेच.

सुरुवात माझ्या दिरांमुळे झाली. भाऊजी ऑपेरा हाउसकडच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत फिटर होते. तिथे दिवसाला जितक्या गाड्या तितकी कमाई. मग चार स्क्रूंच्या जागी दोनच लागतात, भोक जुळलं नाही तर पत्र्यात नवं पाडून सेल्फ टॅपिंग स्क्रू ठोकला जातो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही दिवसांनी दार खरखरू लागतं आणि बोल लागतो स्पीकरला. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा त्याची चौकट हलता कामा नये. ती हलली की बास गेला, महाग स्पीकर असो की स्वस्त. भाऊजी हे मालकाला सांगून दमले आणि संध्याकाळी घरीच रिंगा कापू लागले. नागदेवी स्ट्रीटवरून नट-बोल्ट आणायचं काम माझ्याकडे आलं. तिथे घासाघीस कशी करायची, हे मी भाऊजींपेक्षा लवकर शिकले, हे तेही मान्य करतात.

रिंग लागतेच का, असं बरेच जण विचारतात. कंपनीचा स्पीकर बऱ्याचदा प्लास्टिकच्या उंच चौकटीसकट एकसंध येतो आणि रिव्हेटने बसवलेला असतो. बाजारातल्या साडेसहा इंची स्पीकरची कड चपटी. तो तसाच बसवला तर मागचं मॅग्नेट खाली येणाऱ्या काचेला अडतं. म्हणून मधे रिंग हवी. माप घेताना काच पूर्ण खाली करून घ्यायची, हे आमच्या प्रत्येक पाकिटावर ठळक छापलंय.

बाजारात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, रिंगा सर्रास मिळतात, आम्हीही आधी त्याच बनवायचो. पण दार आतून कोरडं नसतं. काचेच्या रबराजवळून पावसाचं पाणी आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं, दाराची रचनाच तशी आहे. मुंबईचे चार महिने एमडीएफला झेपत नाहीत. वरून वॉर्निश मारा, तरी स्क्रूच्या भोकातून ते पाणी पितं, फुगतं आणि स्क्रूची पकड जाते. आता आम्ही एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या शीटमधून रिंगा कापतो. त्याची खोड अशी की त्यावर गोंद नीट धरत नाही. म्हणून फट बुजवणारी फोमची गॅस्केट न चिकटवता रिंग आणि पत्र्याच्या मधे दाबून बसवायची. फोमही बंद छिद्रांचा हवा, साधा गादीचा फोम स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो.

२०१७ मध्ये जीएसटी आला, हिशोबाची वही जाऊन कॉम्प्युटर आला. त्यावर अधिक सांगण्यासारखं नाही.

खरा धंदा वाढला तो २०२०च्या लॉकडाऊननंतर. गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या, लोकांच्या हाताला वेळ. ठाणे, डोंबिवली, बोरिवलीहून फोन यायचे: "ताई, डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढलं, आता पुढे काय?" भाऊजी व्हिडिओ कॉलवर सांगायचे. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. क्रॉसओव्हरचा, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगळे करणारा, डबा लोंबकळत ठेवू नका, काचेच्या वाटेतही नको, पत्र्यावर पट्टीने बांधा. कनेक्टरला फोम गुंडाळा, नाहीतर तोच पॅडवर आपटत राहील. वायर दार आणि खांबामधल्या रबरी नळीतूनच न्या. माझं मत विचाराल तर घरी फिटिंग करणारा माणूस दुकानापेक्षा चांगलं बसवतो. त्याला पुढची गाडी कामाला घ्यायची नसते, म्हणून तो चारही स्क्रू लावतो. पॅडच्या क्लिपा मात्र हमखास तोडतो, म्हणून आता किटमध्ये जादा क्लिपा टाकतो.

सध्या सीटखाली ॲम्प्लिफायर बसवायच्या प्लेटवर काम चालू आहे. प्लेट कापणं सोपं, ती जमिनीला धरायची कशाने हाच प्रश्न. जमिनीच्या पत्र्याखालून ब्रेकची आणि इंधनाची नळी जाते. मुंबईत कितीतरी गाड्या सीएनजीच्या, त्यांची उच्च दाबाची नळीही खालूनच. वरून ड्रिल मारणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्यामुळे या प्लेटबरोबर आम्ही लांब स्क्रू देणार नाही, कुणी पैसे देऊन मागितले तरी नाही. "दुसरीकडे मिळतात," असं एका दुकानदाराने ऐकवलं. मिळत असतील. भाऊजी सध्या कार्पेटखाली सरकवायच्या प्लायच्या पाटावर ती प्लेट बसवून बघताहेत.