बेनोनी नव्हे, बन्यामीन

जेरुसलेमचे तीन दिवस पायपिटीत आणि गर्दीत संपले. मला सांगायचंय ते चौथ्या दिवशीच्या एका तासाबद्दल.

बेथलेहेमच्या वेशीवर राहेलची, म्हणजे बायबलमधल्या याकोबाच्या बायकोची, कबर आहे. जुन्या चित्रांत माळावर एकटाच घुमट दिसतो. आता मात्र काँक्रीटच्या उंच भिंतींमधून बस आत शिरते. ती वाट मला अजिबात आवडली नाही. बायकांच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. मखमलीनं झाकलेल्या कबरीला कपाळ टेकून कितीतरी जणी रडत होत्या. कुणाचा तरी पाय पडला आणि मी "आई गं!" म्हणाले.

"मुंबईची का गो तू?" शेजारच्या आजींनी विचारलं. हातात हिरव्या बांगड्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू; माहेर रेवदंड्याचं, राहायला इस्राएलमधल्या दिमोनात.

मग त्या हळू आवाजात सांगू लागल्या. योसेफ म्हणजे 'तो वाढवो'. थोरल्याच्या नावातच राहेलनं देवाकडे आणखी एक मुलगा मागितला होता. देवानं दिला, पण त्याच बाळंतपणात ती वाटेवर गेली. जाता जाता बाळाला म्हणाली, बेनोनी. माझ्या दुःखाचा मुलगा.

"बापानं ते राहू दिलं नाही. बन्यामीन ठेवलं. उजव्या हाताचा मुलगा."

याकोबाच्या मुलांची नावं बहुतेक आयांनीच ठेवलेली; बापानं ठेवलेलं नाव हे असं. हिब्रूत 'यामीन' म्हणजे उजवा, आणि दक्षिणही, कारण दिशा धरायची ती पूर्वेकडे तोंड करून. मी म्हटलं, "आजी, संस्कृतात 'दक्षिण'चेही हेच दोन अर्थ आहेत." त्यांनी पूर्व कुठे ते विचारलं, तिकडे वळल्या आणि उजवा हात पसरून बघितला. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

मला आत्या आठवली. चौथी मुलगी, म्हणून नकुसा. 2011 मध्ये साताऱ्यात 285 नकुशींना समारंभानं नवी नावं दिली, तोवर ती गेली होती. रेशनकार्डावर शेवटपर्यंत नकुसाच. आम्ही तिला लाडानं नकू म्हणायचो आणि त्यात काही वावगं आहे हे मला कधी जाणवलंच नाही.

हे आजींना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून लाल दोरा काढला, माझ्या मनगटाला बांधला आणि विचारलं, "तुम्ही तिचं काय ठेवलं असतं?"

बस येईपर्यंत मी नावं शोधत होते.