गाविलगडाची आभासी सफर टिपण्यासाठी ओबीएस का निवडले

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाची प्रतिकृती आम्ही लुआंटीत उभारली. लुआंटी म्हणजे पूर्वीचे माइनटेस्ट, ठोकळे रचून जग उभारण्याचा संगणक-खेळ. ते मोफत आहे, इंटरनेटविनाही चालते, म्हणून गावच्या शाळेला सोयीचे. या किल्ल्यातून फेरफटका मारतानाचा व्हिडिओ हवा होता. त्यासाठी ओबीएस स्टुडिओ हा मोफत स्क्रीन रेकॉर्डर निवडला.

रेकॉर्डर निवडताना चित्राच्या दर्जाआधी लाईटचा विचार केला. साध्या एमपी४ फाइलमध्ये कुठे काय आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच लाईट गेली की तासाभराचे काम उघडतच नाही. एमकेव्ही या दुसऱ्या फाइल प्रकारात लाईट जाईपर्यंतचा बहुतेक भाग वाचतो. विंडोजचा स्वतःचा रेकॉर्डर, गेम बार, हाताशी असतो, पण तो एमपी४च करतो. बँडिकॅम या रेकॉर्डरच्या मोफत आवृत्तीत १० मिनिटांची मर्यादा, वर चित्रावर शिक्का. ओबीएस स्टुडिओत दोन्ही नाही आणि एमकेव्ही मिळते. विंडोज ७ असेल तर ओबीएसची २७.२.४ आवृत्ती टाकावी, २८ पासून विंडोज ७ची सोय बंद झाली.

ओबीएसच्या सोर्समध्ये (काय टिपायचे त्या यादीत) 'गेम कॅप्चर' घ्यावे. 'डिस्प्ले कॅप्चर'मध्ये मध्येच आलेल्या सूचनाही टिपल्या जातात. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर काळा पडदा दिसला तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएस आणि लुआंटी एकाच चिपवर आणावे.

एन्कोडर म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग. तो एक्स२६४ ठेवला की भार प्रोसेसरवर पडतो. इंटेल चिपवर क्विक सिंक, एनव्हिडिया कार्डावर एनव्हीएनसी निवडावे. ७२० पी, ३० फ्रेम पुरतात. ४००० केबीपीएस बिटरेटला (डेटाच्या दराला) मिनिटाला साधारण ३० एमबी, तासाला १.८ जीबी लागतात. पण गवत आणि पानांच्या ठिकाणी या दरात चित्र चौकोनी फुटते. तिथे स्थिर बिटरेट सोडून दर्जा धरून ठेवणारे पर्याय, क्विक सिंकवर आयसीक्यू किंवा एनव्हीएनसीवर सीक्यूपी, २० ते २३ वर ठेवावे. फाइल वाढते, ती वाढू द्यावी.

ओबीएसमधली स्टॅट्सची चौकट उघडी ठेवावी. 'रेंडरिंग लॅग' वाढला तर ग्राफिक्स दमले आहे: लुआंटीत फ्रेमची कमाल मर्यादा ३० करावी, दृश्याचे अंतर घटवावे. 'एन्कोडिंग लॅग' असेल तर एन्कोडर हलका करावा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो, तापलेली चिप स्वतःच वेग कमी करते. तेव्हा रेकॉर्डिंग सकाळीच उरकावे.

लुआंटीत एफ१ ने खालची पट्टी, एफ२ ने चॅट लपते. सेटिंगमध्ये 'सिनेमॅटिक मोड'ला एक कळ नेमून ती दाबली की कॅमेरा झटके न देता वळतो. हे फार उपयोगी आहे, कारण बुरुजाभोवती माउस फिरवताना चित्र हमखास धक्के खाते.

निवेदनाचा आणि लुआंटीचा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यावा, म्हणजे पंख्याची घरघर फक्त निवेदनातून काढता येते. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर त्याचे बटण यूपीएस मोडवर हवे, नाहीतर लाईट जाताच संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.

शेवटी ओबीएसच्या फाइल मेनूतल्या 'रीमक्स'ने एमकेव्हीची एमपी४ करावी. यात चित्राचा दर्जा घटत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात बसत नाही, आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.