दाताखालची कच

जीवाश्म दात तपासते म्हटलं की लग्नात, रेल्वेत, परवा तर बँकेत केवायसी करतानाही तोच प्रश्न. "एका दाढेवरून कोटभर वर्षांपूर्वीचा कपी काय खायचा हे कसं कळतं हो? की ठोकून देता?"

ठोकून देत नाही. एकदा दिलं होतं. ठरवून नाही, पण दिलं.

शिवालिक टेकड्यांतला शिवापिथेकस, असाच एक नामशेष कपी, म्हणजे बिनशेपटीचा वानर. त्याच्या दाढांवरचं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण कवच, जाड, त्यामुळे तो कठीण बिया फोडत असणार असा समज होता आणि मीही पोरांना तसंच शिकवलं. पण 1984 मध्ये मार्क टीफर्ड आणि अ‍ॅलन वॉकर यांनी त्याच्या दाढांवरची सूक्ष्म झीज तपासली आणि ती चिंपांझीच्या, म्हणजे मुख्यतः पिकल्या फळांवर जगणाऱ्याच्या झिजेशी जुळली. दाढेला काय झेपलं असतं ते इनॅमल सांगतं. शेवटच्या काही दिवसांत प्रत्यक्षात काय चावलं ते ओरखड्यांवरून आणि खळग्यांवरून कळतं. दोन्हींचं एकमत होतंच असं नाही.

आता माझं सांगते. एका संग्रहातली शिवापिथेकसची एक दाढ मला साच्यासाठी मिळाली होती. सिलिकॉनचा साचा, त्यात रेझिन, मग मायक्रोस्कोपखाली पाचशे पट मोठं करून मोजणी. पडद्यावर लांब, सरळ ओरखडे दिसले आणि मला आजी आठवली. जातं टाकवून घेतलं की पुढचे चार दिवस तिच्या भाकरीला कच लागायची. आजोबा ताटावरून कुरकुरायचे, ती ढिम्म. म्हातारपणी तिच्या दाढा पाटासारख्या सपाट झाल्या होत्या. मला वाटलं, हीच ती कच. हा कपी झाडावरून उतरून मातीतलं काहीतरी उकरून खात होता. या निष्कर्षाचं पोस्टर केलं, परिषदेला गेले.

तिथे एक ज्येष्ठ बाई पोस्टरसमोर बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "सगळे एकाच दिशेने कसे गं? साफ कुणी केली?"

"मी."

"कशाने?"

कापूस आणि अ‍ॅसिटोन, एवढंच वापरायचं असतं. मला माहीत होतं. पण खाचेतली माती सिमेंटसारखी घट्ट बसली होती, साच्याची तारीख जवळ आली होती आणि टेबलावर सुई होती. परत आल्यावर खाटकाकडून बोकडाची दाढ आणली, तीच सुई त्याच हाताने फिरवली आणि पाहिलं. तेच ओरखडे. पोस्टर मागे घेता आलं, दाढेवरचे ओरखडे कसे मागे घेणार? ते आता तिथे कायमचे आहेत. माझ्यानंतर ती दाढ जो कुणी बघेल, त्याला त्या कपीच्या जेवणात माझी घाई सापडेल.

सुई सगळेच वापरतात, असं मी तेव्हा म्हणाले होते. आजही कधी कधी म्हणते. आणि लगेच आठवतं की सगळ्यांनी त्यावरून कपीला जमिनीवर नाही उतरवलं.

यावर हमखास येणारा टोमणा: "रामापिथेकसलाही दातांवरूनच आपला पूर्वज ठरवलं होतंत ना?" हो, जबड्याच्या तुकड्यांवरून आणि दातांवरून. 1982 मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी पाकिस्तानातल्या पोटवार पठारावरच्या शिवापिथेकसचा चेहरा मांडला, तो ओरांगउटानच्या वळणाचा निघाला आणि रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच जमा झाला. पण तो प्रश्न नात्याचा होता. नातं आणि आहार यांची सरमिसळ करू नका, असं मी तावातावाने सांगते. मग सुई आठवते आणि आवाज खाली येतो.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. त्या एकोणीस ओरखड्यांपैकी दोघांच्या कडा बोथट आहेत, सुईच्या ओरखड्याच्या असतात तशा धारदार नाहीत. त्यांची दिशाही वेगळी आहे, आडवी. सतरा माझे, हे मी लिहून दिलंय. या दोघांपुढे वहीत अजून काहीच लिहिलेलं नाही.