तीन सेकंद थांबायला मला सात महिने लागले

परवा मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा मेसेज आला, ताई मला शाळेत नोकरी लागली, सोमवारपासून जायचंय, काय तयारी करू. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, मग म्हटलं आता नीट बसून सगळंच लिहून काढू, तिच्यासारख्या अजून बऱ्याच जणी असतील.

आधी नोकरी मिळण्याबद्दल. कोर्स संपला तेव्हा मला वाटत होतं मार्क चांगले आहेत, सरावपाठ छान झालेत, मिळेल लगेच. बावीस ठिकाणी अर्ज केले, पाच ठिकाणाहून बोलावणं आलं आणि त्यातल्या चार ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, अनुभव असता तर बरं झालं असतं. आता कोणीतरी वर्गात उभं केल्याशिवाय अनुभव येणार कुठून? ते दिवस फार वाईट गेले, फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. शेवटी जे काम मिळालं ते एक मॅडम लांबच्या रजेवर गेल्या म्हणून, म्हणजे रजेपुरतंच. असलं तात्पुरतं घेऊ नकोस असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मी आज सांगेन, घ्या. तेवढ्या दिवसांत शाळा तुम्हाला बघते आणि तुम्हालाही शाळा आतून बघायला मिळते, आणि पुढच्या इंटरव्ह्यूला तुमच्याकडे बोलायला खऱ्या मुलांच्या गोष्टी असतात. माझी तर पुढे तिथेच जागा झाली.

तिथला डेमो मला अजून आठवतो. पंधरा मिनिटं, विषय अपूर्णांक. मी तक्ते करून नेले होते, वाक्यन् वाक्य पाठ होतं. चौथ्या मिनिटाला एक मुलगा म्हणाला, मॅडम पण एक तृतीयांशपेक्षा एक चतुर्थांश मोठा ना, तीनपेक्षा चार मोठे असतात. मला काय वाटलं कोण जाणे, तक्ता खाली ठेवला, त्याला कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या आणि म्हटलं घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग कर, दुसरीचे चार. तीन सारख्या घड्या घालणं सोपं नाही, त्याची दोनदा चुकली, मी तिथेच बसून बघत राहिले आणि वेळ संपली. पाठ अर्धा राहिला. घरी येऊन मी रडले. दोन दिवसांनी फोन आला, या म्हणून. मुख्याध्यापिका मॅडम नंतर म्हणाल्या, तुम्ही पाठ सोडून त्या पोराकडे वळलात म्हणून तुम्हाला घेतलं.

आणि जे केलं म्हणून मला घेतलं, तेच मी रुजू झाल्यावर पुढचे सात महिने विसरले.

इंटरव्ह्यूला मी एकही प्रश्न विचारला नव्हता, ही पहिली चूक. आठवड्याला किती तास, कोणते वर्ग, आधीच्या बाईंचा पोर्शन कुठपर्यंत आलाय, अडलं तर कोणाला विचारायचं, यातलं काहीच माहीत नव्हतं. हे जरूर विचारा, विचारलं म्हणून कोणी नाकारत नाही, उलट ही खरंच शिकवायला येतेय असं समोरच्याला वाटतं.

मग सुरू झालं. रात्री एक वाजेपर्यंत पाठाचं टाचण काढायचं, चार चार पानं, आणि सकाळी तो पाठ एकतर वीस मिनिटांत संपायचा नाहीतर निम्मासुद्धा व्हायचा नाही. वर्गात आवाज वाढला की मी माझा वाढवायचे, मग मुलं त्यांचा वाढवायची. प्रश्न विचारला की जो पहिला हात वर येईल त्याचं उत्तर घ्यायचं, बरोबर, शाब्बास, चला पुढे. पुढे जायचीच घाई, कारण शेजारच्या तुकडीचा पोर्शन माझ्यापेक्षा दोन धडे पुढे होता आणि मला रात्रंदिवस तेच दिसायचं. ऑफ तास म्हणून जो होता त्यातही बदली तास यायचा. साधारण चौथ्या महिन्यात मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता.

त्या काळातली एक वही मला विसरता येत नाही. एका मुलाच्या वजाबाक्या सतत चुकायच्या आणि मी लाल पेनने लिहायचे, निष्काळजीपणा. एकदा सहज मागची पानं उलटली तर तोच शब्द मी अकरा वेळा लिहिला होता. अकरा वेळा! मग उत्तरं नीट बघितली. ५२ वजा १७ केलेत ४५. ८१ वजा ३६ केलेत ५५. सगळीकडे तो मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, वर कोणता आणि खाली कोणता हे बघतच नव्हता. म्हणजे पोरगं अतिशय काळजीपूर्वक, एकदाही न चुकता, एक चुकीचा नियम पाळत होतं. पुढे वाचताना कळलं की जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशाच चुकांवर संशोधन मांडलंय, चुका बऱ्याचदा अशाच आपल्या आपल्या नियमाने होत असतात आणि ही वजाबाकीची चूक त्यात अगदी नेहमीची. मी त्या मुलाची माफी मागितली. त्याला कशाबद्दल ते कळलं नसावं, पण मला मागायची होती.

आता आवाजाचं. घसा तिसऱ्या आठवड्यापासूनच दुखत होता, मी गोळ्या चघळत रेटत राहिले आणि सातव्या महिन्यात एका सकाळी आवाज फुटेचना. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं, कुजबुजायचं पण नाही म्हणाले, त्यानेही ताण येतो. रजा घ्यायला हवी होती, पण परीक्षा जवळ आलेली, मी गेले. फळ्यावर लिहिलं, आज माझा आवाज गेलाय. त्याखाली लिहिलं, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, मोठा कोणता आणि का? आणि उभी राहिले.

नेहमीचे तीन हात लगेच वर आले. एरवी मी त्यातलं एक नाव घेऊन मोकळी झाले असते. पण बोलताच येत नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली, थांबा. वर्ग शांत झाला. ती शांतता मला सहन होईना, मी मनात आकडे मोजायला लागले. चौथा हात आला, मग सहावा, आणि मग खिडकीजवळची एक मुलगी, जी सात महिन्यांत हजेरीशिवाय काही बोलली नव्हती, ती हात वगैरे न करता सरळ उठून फळ्याजवळ आली. तिने खडू घेऊन एक लांब पट्टी काढली, तिचे तीन भाग केले, खाली दुसरी पट्टी काढली, चार भाग केले. मग मागे सरकून बघितलं. दुसरी पट्टी जरा आखूड झाली होती. तिने तळहाताने ती पुसली, पहिलीच्या टोकापासून खाली रेघ ओढून माप घेतलं आणि पुन्हा काढली.

दोन्ही पट्ट्या सारख्याच हव्यात, नाहीतर तुलनाच होत नाही, हे मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. तिला ते आतून कळलेलं होतं, कदाचित कितीतरी दिवसांपासून, आणि मी एकदाही तेवढी थांबले नव्हते.

कोर्सला मेरी बड रो हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब होतात, येत नाही म्हणणारे कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. पेपरात मी याला पूर्ण मार्क मिळवले होते. फ्रान्सिस फुलर यांचंही तसंच, १९६९ मध्ये त्यांनी मांडलं होतं की नव्या शिक्षकाला सुरुवातीला स्वतःचीच काळजी असते, मला जमतंय का, मुलं मला मानतात का, आणि विद्यार्थ्याला कळलं का ही काळजी त्यानंतरची. हे वाचताना वाटलं होतं, आपलं असं होणार नाही.

आवाज आठ दिवसांनी परत आला. त्यानंतर मी टाचण एका पानावर आणलं, आणि त्यात सगळ्यात वर एकच ओळ, आज मुलं कुठे अडतील. सगळ्या वह्या रोज तपासणं बंद केलं, त्याऐवजी तास संपताना अर्ध्या कागदावर एक प्रश्न सोडवून घ्यायचे, त्या चिठ्ठ्या दहा मिनिटांत बघून होतात आणि उद्या काय परत घ्यायचं ते कळतं. आणि स्टाफरूममधल्या एका सीनिअर बाईंना विचारून त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दोन तासांत एकदाही ओरडल्या नाहीत, एक मुलगा बोलायला लागला तर शिकवत शिकवतच त्याच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या, बस. हे मला पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं, कोणी नाही म्हटलं नसतं, मला विचारायला लाज वाटत होती.

पोर्शन शेजारच्या तुकडीपेक्षा एक धडा मागेच राहिला शेवटपर्यंत. मुख्याध्यापिका मॅडमनी विचारलंही त्याबद्दल. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी पाचसहा बघितल्या आणि गठ्ठा परत दिला, काही बोलल्या नाहीत.

तर बाळा, सोमवारी जाताना टाचण एका पानाचंच ने. पाण्याची बाटली जवळ ठेव आणि घसा दुखायला लागला तर माझ्यासारखं रेटत बसू नकोस. स्टाफरूममध्ये ज्या बाईंच्या वर्गातून आवाज येत नाही त्यांच्याशी ओळख कर. आणि बुधवारी रात्री मला फोन कर, तोवर थकलेली असशील, कोणत्या मुलाने काय चूक केली ते सांग, मी जागी असेन.